साठ किलोच्या नोंदी

"पुढे घ्या... अजून पुढे... अजून... बस्स!"

खिडकीतून हात बाहेर काढून ती ओरडायची आणि वीस-बावीस टनांचं धूड लोखंडी फलाटावर जागच्या जागी थांबायचं. ड्रायव्हर उतरायचा, छपरावरची आकड्यांची पाटी बघायचा, पावती खिशात कोंबायचा आणि चालता व्हायचा. दिवसाला चाळीस-पन्नास गाड्या. प्रत्येक गाडी कुठून तरी आलेली आणि कुठं तरी निघालेली. ती मात्र तिथंच. वजनकाट्याच्या त्या केबिनमध्ये तिला एकवीस वर्षं झाली होती. ड्रायव्हर तिला ताई म्हणत. पंचविशीतले पोरगेलेसे ताई म्हणत, आणि सत्तरीकडे झुकलेलेही ताईच म्हणत, त्यामुळे आपलं वय नक्की काय याचा तिला कधीकधी पत्ता लागत नसे. होतं त्रेचाळीस.

केबिन आठ बाय सहाची. त्यात टेबल, वजनाचं यंत्र, दाताखाली खडा आल्यासारखा करकरणारा प्रिंटर आणि एक खुर्ची. पाठीमागच्या भिंतीत दार, दारापलीकडे दोन खोल्या, आणि आतल्या खोलीत खाटेवर बाबा. कामावर जायला तिला अकरा पावलं लागत. घरी परतायलाही तेवढीच.

हा काटा बाबांनी उभा केलेला. चाळीस वर्षांत त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले, पण कान शाबूत राहिले, नको इतके शाबूत. त्यांच्या उशाशी एक दोरी होती आणि दोरीचं दुसरं टोक केबिनमधल्या घंटेला बांधलेलं होतं. एकदा वाजली तर पाणी. दोनदा वाजली तर कूस बदलायची. तीनदा वाजली म्हणजे, गाडी आली आहे, तू कुठं कडमडली आहेस? गाडी वळणावर असतानाच इंजिनाच्या आवाजावरून ते ओळखत. "भरलेली आहे," म्हणत. "खडी असणार." आणि खडीच असे.

तिच्या लग्नाच्या गोष्टी दोनदा निघाल्या होत्या. दोन्ही वेळा "पण मग काट्याचं काय?" इथवर येऊन त्या बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत.

धाकटी बहीण तेवढी निसटली. पाच तासांवरच्या शहरात ती एका औषधांच्या कारखान्यात होती. तिचा दर रविवारी फोन यायचा. त्या वर्षी तिनं हट्टच धरला. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माणूस हवं होतं, माल मोजून आत घ्यायचा, मोजून बाहेर द्यायचा. "तुझ्याइतकं हे कुणाला येतंय, अक्का? आणि माझ्याकडे मागची खोली रिकामी आहे. बाबांची खाट खिडकीशी लावू. दिवसभर रहदारी बघतील."

तिनं फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"काटा चालू आहे तोवर मी इथून हलत नाही," ते म्हणाले. "ज्या दिवशी काट्याला सील लागेल त्या दिवशी ज्या गाडीत घालाल त्या गाडीत बसेन. एक शब्द बोलणार नाही."

"अहो, पण सील कशाला लागेल आपल्या काट्याला?" ती म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

विषय संपला.

एकचाकी सायकल आली ती भंगाराच्या गाडीतून. त्या गाडीच्या ड्रायव्हरला सगळे पहिलवान म्हणत, कारण तो वाऱ्यानं उडेल इतका किडकिडीत होता. वजन करून झाल्यावर त्यानं ढिगातून ती उपसून काढली. एक चाक, दोन पायडल, वर बसायला सीट, आणि बास.

"ताई, ही बघा अर्धी सायकल. नवरा-बायको वेगळे झाले असणार. त्याच्या वाट्याला एवढीच आली."

"अरे, ही अशीच असते. एका चाकाची."

"असं कसं? मग पडत नाही का माणूस?"

"पडत असणार."

"मग तुम्हीच ठेवा," असं म्हणून पहिलवानानं ती केबिनच्या भिंतीला टेकवली आणि तो गेला.

पंधरा दिवस ती तिथंच टेकून होती. दुपारी एक ते दोनच्या मध्ये ड्रायव्हर लोक जेवायला थांबायचे आणि बाबांचा डोळा लागायचा. सबंध दिवसातला तेवढाच तास घंटेविना जायचा. त्या तासात एके दिवशी ती उठली, खिडकीच्या कठड्याला धरून त्या सीटवर चढली आणि लगेच आपटली. का चढली हे तिला कुणी विचारलं नाही, त्यामुळे सांगायची वेळही आली नाही.

चार महिन्यांत गुडघे, कोपरं, नडग्या, सगळ्यांची सालटी निघाली. बाबांनी विचारलं तर, "उंबऱ्याला ठेचकाळले." बाबा म्हणाले, "एवढा उंबरा कुठून आला आपल्याकडे?" पण पाचव्या महिन्यात ती चालवायला लागली. फलाट अठरा मीटर लांब, तीन मीटर रुंद. पत्रा सपाट, घाण धुतली की लख्ख. या टोकाहून त्या टोकाला जाईस्तोवर अंगात जरा वारं भरायचं, की फलाट संपायचा. पुढं हातभर खाली खडी. खडीत एक चाक म्हणजे थेट तोंडावर. मग उतरायचं, वळवायचं, पुन्हा चढायचं. रस्ता सुरू होण्याआधीच संपत होता. वैतागून एकदा ती उतरली नाही, टोकाशी तशीच वळली. मग परतून त्या टोकाशी वळली. मग मध्येच वळली. पुढं जायला जागा नव्हती, पण वळायला मात्र भरपूर होती.

गोल फिरायला लागल्यावर तिला पाटी दिसली. खरं तर ती पाटी ती रोज बघत होती, पण आत बसून, ट्रकाखातर. आता तिचंच वजन वर लाल आकड्यांत नाचत होतं. हा काटा पाचाच्या पटीत बोलतो. सायकल हातात धरून ती नुसती उभी राहिली की साठ. चाकावर असली की पंचेचाळीस, ऐंशी, पन्नास, सत्तर. प्रत्येक धक्का, प्रत्येक डगमग काटा वर मांडत होता. आकड्यांच्या शेजारी एक हिरवा दिवा होता. वजन तीन-चार सेकंद हललं नाही तरच तो लागतो. ट्रकाचं इंजिन चालू असेल, मागं बैल पाय बदलत असतील, तर लागत नाही. आणि तो लागल्याशिवाय दिलेली पावती खोटी, असं बाबांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

त्या दिवशी तिच्या डोक्यानं घेतलं. जागच्या जागी फिरकी घ्यायची, आणि फिरता फिरता दिवा लावून दाखवायचा. कुणाला दाखवायचा? कुणालाच नाही.

लपून काही राहत नाही. एक-दोन ड्रायव्हरांनी पाहिलं, मग सगळ्यांनीच पाहिलं, आणि बाबांना कळू द्यायचं नाही असं त्यांचं आपापसांत ठरून गेलं. सल्ले मात्र सगळ्यांनी दिले. वाळूवाला म्हणाला, चाकात हवा कमी ठेवा. दूधवाला म्हणाला, हवा गच्च भरा. पहिलवान म्हणाला, "आधी पोटभर जेवत जा ताई, वजनाशिवाय तोल येत नाही," आणि बाकीचे त्याच्याकडे बघून खो खो हसले.

कामाचं बोलला तो रिव्हर्स. तो लांबलचक ट्रेलर चालवायचा आणि कुठल्याही बोळात तो उलटा घालून दाखवायचा, म्हणून त्याचं नाव रिव्हर्स. बोलायचा कमी. पत्र्यावर उकिडवं बसून त्यानं तिचं पाच-सहा वेळा पडणं पाहिलं.

"चाकाकडं बघताय तुम्ही."

"मग कुठं बघू?"

"चाकाला माहीत असतं ते कुठं आहे. जायचं तिकडं बघा. खांद्यावरून. मान आधी वळली पाहिजे, मग खांदा, मग कंबर. चाक आपोआप मागनं येतं. मी ट्रेलर असाच आणतो."

"आणि हात?"

"हातांचं मला काय ठाऊक? माझे स्टिअरिंगवर असतात."

हातांचं तिचं तिलाच शोधावं लागलं. सुरुवातीला मोठं वर्तुळ, दोन्ही हात पसरलेले. मग वर्तुळ आवळत आणायचं, गाठ आवळावी तसं, घाई न करता. वर्तुळ ताटाएवढं झालं की हात छातीशी ओढायचे, की अंग आपसूक गर्रकन फिरतं. इथपर्यंत ती महिन्याभरात आली. खरी गोम पायात होती. पायडल अगदी वर आणि अगदी खाली आलं की तिथं पायाचा जोर सुटतो, चाक क्षणभर अडतं आणि धक्का बसतो. तो धक्का पाटीवर पंच्याहत्तर होऊन उमटायचा. तिथं जोर लावायचा नाही, तिथून पाय नुसता वाहून न्यायचा. हे समजायला एक दिवस लागला आणि पायांना समजवायला सात महिने.

मग एका दुपारी साठचा आकडा आला आणि हललाच नाही. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. जग भिंगरीसारखं फिरत होतं, भिंत, खडी, झाड, पाटी, भिंत, खडी, आणि पाटीच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. ती खाली उतरली. आतून घंटा वाजली. तीनदा. वळणावर गाडी होती.

त्यानंतर दिवा रोज लागायला लागला. एकदा, तीनदा, पाचदा. आणि इथंच एकवीस वर्षं त्या यंत्रासमोर बसलेल्या बाईच्या हातून चूक झाली. हिरवा दिवा लागला की यंत्र ते वजन तारीख-वेळेसह आपणहून पोटात लिहून ठेवतं. ट्रक असो की माणूस, यंत्राला फरक कळत नाही. तिला हे पाठ होतं. पण फलाटावर असताना ती काटेवाली नसायचीच, त्यामुळे आठवलं नाही.

वर्षाची तपासणी करायला निरीक्षक आले. नेहमीचे सेवानिवृत्त झाले होते, हे नवीन होते, चष्मा सारखा पुसणारे. प्रमाणित वजनं भरलेली गाडी त्यांनी तीन ठिकाणी उभी करून पाहिली. काटा चोख निघाला. मग त्यांनी यंत्राच्या पोटातली यादी छापायला लावली. प्रिंटर करकरत राहिला, कागद टेबलावरून जमिनीवर गेला, जमिनीवरून दारापर्यंत.

"बाई, हे काय आहे?"

"काय साहेब?"

"साठ किलो. दुपारी एक वाजून दहा मिनिटं. साठ किलो, एक वाजून चौदा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. वर्षभरात तीनशे बारा वेळा." त्यांनी चष्मा काढला. "साठ किलोचा ट्रक मी अजून पाहिलेला नाही."

तिनं जमिनीवरचा कागद गोळा करायला घेतला.

"मी सांगतो काय आहे ते," निरीक्षक म्हणाले. "रिकाम्या गाडीच्या आड एक माणूस फलाटावर उभा करायचा. गाडीचं रिकामं वजन साठनं वाढतं, म्हणजे मालाचं साठनं घटतं. दुपारी सामसुमीत त्याचा सराव चालतो. बरोबर?" त्यांनी पिशवीतून शिशाच्या गोळ्या, तार आणि पक्कड काढून टेबलावर ठेवली. काटा सील करून बंद करायचं सामान.

ती त्या पक्कडीकडे बघत राहिली. काही बोलायचंच नाही. एवढंच करायचं होतं. बाबांचा शब्द होता. आठवड्यात खाट गाडीत चढली असती, बाबा खिडकीशी, ती स्टोअरमध्ये, आणि संध्याकाळी सुटल्यावर वाटेल त्या रस्त्यानं घरी. पण आतल्या खोलीत तो म्हातारा कान देऊन पडला होता, आणि त्याच्या चाळीस वर्षांवर चोर असा शिक्का बसला असता.

"साहेब, ती मी आहे," ती म्हणाली. "मी फिरकी घेते."

"काय घेता?"

तिनं भिंतीशी टेकलेली एकचाकी दाखवली. निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

"चाकावर फिरणारं माणूस स्थिर वजन देईल? मला शिकवू नका बाई. एवढ्या वर्षांत चालत्या गाडीवर हा दिवा लागलेला मी पाहिला नाही."

"लागतो."

"दाखवा मग. लागला तर मान्य. नाही लागला तर मी माझं काम करीन."

फलाटाबाहेर तीन गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांतली एक रिव्हर्सची. सगळे खाली उतरून फलाटाच्या कडेशी आले. ती चढली, वर्तुळ धरलं, आवळत आणलं, हात आत घेतले, आणि डावा पाय खाली अडला. सत्तर. पंचावन्न. ती खडीच्या बाजूला कलंडली, कशीबशी पायांवर उतरली.

"ताई, चाकाकडं बघताय," रिव्हर्स बोलला.

निरीक्षकांनी पक्कड उचलली. "झालं?"

"एकदा अजून."

सायकल उभी करताना तिच्या लक्षात आलं की आपण आता मोकळ्या आहोत. खरं सांगून झालं होतं. लपवलेलं काही नव्हतं. आता नुसतं पडायचं होतं. पडण्यात खोटं काय? तीनशे बारा वेळा जमलं, तर त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळा फसलं होतंच की. बाबांना सांगता आलं असतं, मी दाखवलं, साहेबांनी मानलं नाही, माझा काय इलाज? पडायचं ठरवून ती चढली.

मोठं वर्तुळ घेतलं. दुसऱ्या फेरीला पडू, तिनं ठरवलं. दुसरी फेरी आली तेव्हा वर्तुळ इतकं नेटकं आवळत आलं होतं की मध्येच मोडायला मन होईना. हात आत घेताना पडू. हात आत आले. मान खांद्यावरून गेली, कंबर तिच्यामागून, पाय वरून वाहत आला, खालून वाहत गेला, कुठं अडला नाही. आता, ती स्वतःला म्हणाली. आता पड. अंगानं ऐकलं नाही. सात महिने घासून शिकवलेले पाय, त्यांना ही भाषाच कळेना. भिंत, खडी, निरीक्षकांचा चष्मा, पाटी. साठ. भिंत, खडी, चष्मा, साठ. हिरवा दिवा लागला तेव्हा ड्रायव्हरांनी आरडाओरडा केला. निरीक्षक म्हणाले, "बस, बस, उतरा." ती उतरली नाही. उतरलं की केबिनमध्ये जायचं होतं. आठ फेऱ्या झाल्या, नऊ झाल्या, दहा. केबिनमध्ये यंत्रानं नोंद करून टाकलीसुद्धा.

शेवटी घेरी आली म्हणून ती उतरली.

निरीक्षकांनी सामान पिशवीत भरलं. माणूस प्रामाणिक होता, त्यांनी स्वतःहून हात जोडले. "माफ करा बाई. काटा चोख आहे, तुम्हीही चोख आहात. असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं." मग खुर्चीत बसून त्यांनी दाखला लिहिला, आणि लिहिता लिहिता म्हणाले, "एक अट मात्र घालावी लागते. वाहनाखेरीज फलाटावर काहीही चढता कामा नये. माणूस, जनावर, काही नाही. उद्या दुसरा कुणी येईल, माझ्यासारखा बघत बसणार नाही."

"साहेब, दुपारी एक तास..."

"नाही बाई. लेखी आहे."

परवाना बाबांच्या नावावर, म्हणून सही बाबांची. निरीक्षक दाखला घेऊन आत गेले, पाच मिनिटांत बाहेर आले, गाडीत बसून निघून गेले. थांबलेल्या तीनही गाड्या तिनं घेतल्या. रिव्हर्सनं पावती घेताना केबिनकडे, मग फलाटाकडे पाहिलं, आणि गाडीत चढून गेला.

मग ती आत गेली. बाबा भिंतीला टेकून बसले होते, त्यांचा चेहरा उजळला होता.

"चोख म्हणाले ना?"

"चोख म्हणाले."

"म्हणणारच." जरा थांबून ते म्हणाले, "ते दुसरंही काही सांगत होते. तू एका चाकावर फिरतेस म्हणून. दिवा लागतो म्हणून. मला वाटलं चेष्टा करतायत. खरं आहे?"

"खरं आहे."

"म्हणजे उंबरा हा होता तर." ते हसले. किती तरी दिवसांनी हसले. "दाखव मला. चार जणांना बोलाव, खाट दारात न्यायला लाव. बघू दे की मला."

"आता नाही दाखवता येणार, बाबा. मनाई आहे. गाडीशिवाय फलाटावर कुणी चढायचं नाही."

"कुणी केली मनाई?"

"दाखल्यात आहे. तुम्ही आता सही केलीत त्यात."

बाबांचा हात उशीखाली गेला. त्यांचा वाचायचा चष्मा तिथं होता, घडी घातलेला; सही करताना तो बाहेर निघालाच नव्हता. त्यांनी तो काढून हातात धरला, पण लावला नाही. सही केलेल्या कागदाविरुद्ध वागणं त्यांना येत नव्हतं, आणि हे त्यांना कळायच्या आधी तिला कळलं होतं.

बाहेर गाडी आल्याचा आवाज झाला. भरलेली होती. बाबांनी ऐकलं, पण कसला माल आहे ते सांगितलं नाही. पहिला हॉर्न वाजला. ती खाटेच्या कडेवर बसून राहिली. दुसरा वाजला, जरा लांबवून. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

तिसऱ्या हॉर्नला ती उठली.